तळ्यात अंग घालू नये

ज्या काळी जनावरं भांडून दमली की न्याय मागायला जात, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी पुन्हा ऐकावी.

एका रानात एकच तळं होतं. एका बाजूने त्यात ओढ्याची बारीक धार येई आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडे. एका उन्हाळ्यात जनावरांच्या डुंबण्याने गढूळ झालेलं पाणी पिऊन हरणांची पाडसं आजारी पडली. सिंहराजाने हुकूम काढला, "तळ्यात कुणीही अंग घालू नये. काठावरूनच प्यावं."

पाणी निवळलं. पाडसं बरी झाली. पण म्हशीची कातडी उन्हाने भेगाळली आणि भेगांवर माश्या बसू लागल्या. ती न्यायाधीश कासवाकडे गेली. त्या रानात राजाचा हुकूमही कासव तपासून बघत असे.

"चिखलाशिवाय मी मरेन, आजोबा," म्हैस म्हणाली.

राजाचा वकील कोल्हा हसला. "मावशी, तुमच्या डुंबण्यापायी सगळ्या रानाने चिखल प्यायचा का?"

कासव काळजीत पडलं. पाडसं पुन्हा आजारी पडली तर? म्हैस मेली तर? त्याला दोघांचंही पटत होतं. म्हणून निकाल देण्याआधी ते तळ्यावर गेलं.

त्याने म्हशीला आधी मधोमध बसवलं. काठापर्यंतचं पाणी गढुळलं. ते निवळल्यावर, ओढा बाहेर पडतो त्या टोकाला बसवलं. गाळ खाली वाहून गेला. वरचं पाणी स्वच्छ राहिलं.

"हुकुमाचा हेतू चांगला आहे," कासव म्हणालं, "पण हुकूम गरजेपेक्षा कडक आहे. म्हशीने या टोकाला डुंबावं."

"उद्या हत्तीही डुंबायला येईल!" कोल्हा ओरडला.

"येऊ दे. याच टोकाला."

म्हशीला जोर चढला. "मग मधोमध का नको? खोल पाणी तर तिथेच आहे. डुंबणं माझा हक्क आहे!"

"हक्क तुझ्या कातडीच्या गारव्याचा आहे, बाई. दुसऱ्याच्या घोटात गाळ कालवण्याचा नाही."

सिंहाने हुकूम बदलला. म्हणाला, "हे मला कसं सुचलं नाही?"

"तुम्ही पाडसं वाचवायला धावत होतात, महाराज. धावणाऱ्याला बाजूचं दिसत नाही. माझंही चुकलं असेल. पाणी गढुळलं तर मला बोलवा."

बोलवावं लागलं नाही. उन्हाळाभर पाडसं वरच्या काठावर पाणी पीत राहिली आणि खालच्या टोकाला म्हैस डोळे मिटून रवंथ करत राहिली.

तात्पर्य: सर्वांच्या भल्यासाठी एकाकडून मागावं, पण गरजेपुरतंच मागावं.