परक्या माव्याचं बारसं

कुंपणं गप्पा मारायची त्या काळी वालाच्या वेलाबाईकडे दूरदेशची एक मावा कीड आली. म्हणाली, "एकटीच आहे हो, दोन दिवस राहते."

दुपारपर्यंत तिला चाळीस लेकी झाल्या. सगळ्या रस पिऊ लागल्या. वेलाबाईची फुलं गळायला लागली.

तिनं मावा खाऊन जगणाऱ्या ठिपकेवाल्या ढालकिडीला हाक मारली, "वन्सं, खाऊन टाका यांना!"

"इश्श! ओळख ना पाळख, कशी खाऊ?"

मग वेलाबाईनं बारसंच मांडलं. ढालकिडी आत्या झाली. पहिलीच्या कानात कुर्रर्र करून तिनं "साखरी" नाव ठेवलं आणि तिला गट्टम केलं.

"झाली ओळख! पुढचं नाव सांगा."

तोवर आणखी सात जन्मल्या. वेलाबाई अजून नावंच शोधतेय.