न आलेल्या देवीचा पगार

महाराजांचं नाव भैरोजीराव होतं की बहिर्जीराव, हे आता छातीठोकपणे सांगवत नाही. चिक्कूपणा मात्र पक्का आठवतो. संस्थानात तीन वर्षं देवीचा एकही रोगी सापडला नाही, म्हणून त्यांनी देवी टोचणाऱ्या आबाजीलाच नारळ दिला, आणि स्वतःच्या अकलेवर खूषही झाले.

हे राजवाड्यात पाणी भरणाऱ्या हौसाला कळलं. तेव्हा लस बाटलीतून येत नसे. एका पोराला टोचलं की आठव्या दिवशी त्याच्या दंडावरच्या फोडातून ती दुसऱ्याला द्यायची. हा क्रम एकदा तुटला की लसच संपली. दोनच दिवसांनी हौसाच्या तान्ह्या लेकीला टोचायची पाळी होती, आणि आबाजी सामान बांधत होता.

ती दरबारात गेली आणि आबाजीला ठेवून घ्या म्हणाली. महाराजांनी मिशीला पीळ दिला. टोचलं नसतं तर मेलंच असतं, असं एक पोर उद्या माझ्यापुढे उभं कर, म्हणाले, मग देतो पगार. मानकरी हसले. महाराज हसले की हसायचं, एवढं एकच काम त्यांना नीट जमत असे.

महाराजांना चुलत भावाची भारी धास्ती. निजायच्या दालनाभोवती आठ पहारेकरी उभे असत. दुसऱ्या दिवशी त्यांना पाणी देताना हौसानं दरबारातला नवा न्याय सांगितला: जे घडलंच नाही, ते टाळल्याचा पगार बंद. आठही जण तडक दिवाणजींना जाब विचारायला गेले.

दुपारची झोप आटोपून महाराज बाहेर येतात, तो दारात एकटी हौसा!

"पहारेकरी कुठं गेले?"

"पगाराचं विचारायला, सरकार. बारा वर्षांत एक मारेकरी आला नाही."

"अगं बये, ते उभे होते म्हणून आला नाही!"

"मग पहारा नसता तर गेलेच असते, असे महाराज मला दाखवा. मी लगेच पोर दाखवते."

महाराज पोट धरून हसले. "माग, काय हवं ते."

"पहारेकऱ्यांचा पगार ज्या आमराईतून निघतो, त्यातूनच आबाजींचा निघावा. एकाचा थांबला, तर सगळ्यांचा थांबावा."

"म्हणजे मी मरेपर्यंत तुझा आबाजी सुटत नाही!"

"त्यानंतरही नाही, सरकार. पुढच्या महाराजांनाही भाऊ असतीलच."

हुकूम तिथेच सुटला. वर लेकीला चांदीचे वाळे मिळाले.

बऱ्याच वर्षांनी मी खात्री करून घेतली. त्या चुलत भावाला गादी नकोच होती, तो कबुतरांत रमला होता. देवी मात्र त्याच उन्हाळ्यात हद्दीपर्यंत आली. पलीकडे पाळणे रिकामे झाले, अलीकडे एकही नाही.