अक्षता आणि ठराव

तालुक्यातल्या बचत गटांचं अधिवेशन तोंडावर आलं होतं आणि चारशे बायका येणार होत्या. गेल्या वर्षी हॉल लहान पडला. लांबच्या वाड्यांवरच्या बायका दाराबाहेरच अडकल्या आणि ठराव त्यांच्या मताशिवाय मंजूर झाले. म्हणून यंदा जागा बघायला अध्यक्ष प्रमिलाताई स्वतः निघाल्या.

तात्यासाहेबांनी आपल्या नव्या मंगल कार्यालयाचं भाडं वीस हजार सांगितलं.

"निम्म्या पैशांत शाळेच्या मैदानावर मांडव पडतो, तात्यासाहेब," प्रमिलाताई म्हणाल्या. "पण इथे चारशे बायका मावत असतील, तर वर्गणी काढून देऊ."

"मावतील का म्हणजे? अहो बाई, ऐसपैस बसतील!" तात्यासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "आमच्या धाकट्याच्या लग्नाला तीनशे पाहुणे होते. काय तो थाट! आत मुंगी शिरायला जागा नव्हती. निम्म्या लोकांनी रस्त्यावरूनच अक्षता टाकल्या!"

प्रमिलाताई हसून म्हणाल्या, "अक्षता रस्त्यावरून टाकल्या तरी लग्न लागतं, तात्यासाहेब. पण ठरावाला हात वर करायचा, तर बाईला आतच बसावं लागतं."

शेजारी उभा असलेला आचारी खुदकन हसला. तात्यासाहेबांनी आधी त्याच्याकडे रागाने पाहिलं. मग आपण काय बोलून गेलो ते ध्यानात आलं आणि त्यांनाही हसू आवरेना.

"हरलो बाई! घ्या शाळेचं मैदान. मांडव मी देतो, फुकट. फक्त उद्घाटनाला माझी खुर्ची तेवढी आत ठेवा!"