मान डोलावणारा राजा

एका राज्यात कानमंत्राशिवाय कुणी गादीवर बसत नसे. मरणाऱ्या राजाने वारसाच्या कानात चार शब्द सांगायचे, वारसाने मान डोलवायची, मगच नगारे वाजायचे.

विभावर एकोणीस वर्षांचा होता, तेव्हा त्याचा बाप तापाने एकाएकी गेला. विभावर धावत आत गेला आणि बापाच्या गार ओठांना कान लावून कितीतरी वेळ बसला. काही ऐकू आलं नाही. बाहेर प्रधान सुबंधूंनी विचारलं, "मिळाला कानमंत्र?"

त्याने मान डोलावली. नगारे वाजले.

त्या घराण्याला जुना शाप होता. न कळताच राजाने कळल्याचा आव आणला, की राज्यातला एक आवाज मिटायचा. विभावराला तर कशातलंच काही कळत नव्हतं. तह, कालवे, सीमा, देहदंड, जे समोर येई ते कपाळाला आठ्या घालून वाची आणि म्हणे, "कळलं." आज ना उद्या खरंच कळेल, या आशेवर सोळा वर्षं गेली. दाढी पिकू लागली, कळलं मात्र काहीच नाही. तोवर बाजार मुका झाला, देवळातली आरती मुकी झाली. बाया न ओरडता बाळंत होऊ लागल्या. सुबंधू पाटीवर लिहून बोलू लागले.

मग राजमाता वारल्या. राजाची सात वर्षांची लेक केतकी त्याच्याजवळ आली. "बाबा, आजी आता कुठं असते?"

राजाने आठ्या घातल्या. "मोठ्यांना कळतं ते. तुलाही कळेल."

"पण तिला तिथं..."

केतकीचे ओठ हलत राहिले. आवाज आला नाही. राजाला त्या दिवशी स्वतःची किळस आली.

सुबंधूंनी पाटीवर लिहिलं, "आता खरा कानमंत्र आणा. तो ऐकलेला एकच जीव उरला आहे, तुमच्या आजोबांचा धनेश पक्षी. कपर्दी मांत्रिकाच्या गुहेत असतो."

राजा नावेने गुहेपाशी पोचला. नावाडी मागोमाग आत आला. कपर्दी म्हणाला, "तीन कामं कर, पक्षी बोलेल. आधी कुंभाणीचं मूळ आण."

"कळलं," राजा म्हणाला. नावाडी त्याच क्षणी मुका झाला.

तीन महिने रान तुडवून राजाने एक वाकडं मूळ आणलं. कपर्दीने ते मुकाट्याने फळीवर ठेवलं. "आता विरळीचा खडा."

"कळलं." आणखी तीन महिने गेले. राजाने एक निळसर खडा आणला. तोही फळीवर गेला.

"आता जारठीचं फूल."

राजाची मान सवयीने खाली जाऊ लागली. इतक्यात त्याला केतकीचे हलणारे ओठ आठवले. त्याने दोन्ही हातांनी स्वतःची हनुवटी धरली.

"मला कळलं नाही. जारठी म्हणजे काय?"

"मला काय ठाऊक?" कपर्दी म्हणाला. "तिन्ही नावं मीच रचली. ती फळी बघ."

फळीवर शेकडो मुळं आणि खडे धूळ खात पडले होते. राजे, सेनापती, पंडित, सगळ्यांनी आणून दिलेले. फूल एकही नव्हतं, कारण दोनदा अंदाजाने काहीतरी आणल्यावर, 'कळलं नाही' म्हणायची लाज वाटून प्रत्येक जण गुपचूप घरी गेला होता.

तेव्हा धनेश बोलला. "तुझे आजोबा तुझ्या बापाच्या कानात म्हणाले, 'मंत्रबिंत्र काही नाही. मलाही कुणी सांगितला नाही. मान डोलाव, म्हणजे लोक घाबरणार नाहीत.'"

सोळा वर्षं राजा या शब्दांसाठी झुरला होता.

"आणि शाप?"

"कळत नाही, हे गादीवरून सांग. मग गादी राहील याची हमी नाही."

भर दरबारात राजा उभा राहिला. "मला कानमंत्र मिळाला नव्हता. मला राज्य कळत नाही. कधीच कळलं नाही."

एक मांडलिक खो खो हसला. सहा वर्षांत त्याच्या गळ्यातून निघालेला तो पहिला आवाज. मग सगळेच गळे उघडले आणि सोळा वर्षांचं साचलेलं बाहेर आलं. कालवा चुकीच्या गावाला का नेलात? माझ्या भावाला फाशी का दिलीत? राजा पायरी उतरून खाली बसला आणि एकेकाला विचारू लागला. कालवा वळवता आला. भाऊ परत आणता आला नाही.

संध्याकाळी केतकी आली. "...एकटं वाटत असेल का?"

राजाच्या कपाळावर आठी उमटली. त्याने ती तळहाताने पुसली. "ठाऊक नाही ग बाळ. मला मात्र तिच्यावाचून फार एकटं वाटतं."

तेव्हापासून तिथला रिवाज बदलला. गादीवर बसणाऱ्याने आपल्याला न कळलेलं काहीतरी दरबाराला विचारायचं, मगच नगारे वाजायचे. विभावरानंतर केतकी बसली. तिने आजीबद्दलचा तोच प्रश्न विचारला. दरबारात एकानेही मान डोलावली नाही.