सापसुरळीचं ऊन आणि रात्रीची चंद्रकळा

पौष महिना. थंडी अशी, थंडी अशी, की विहिरीतल्या बेडकाचंही नाक गळायचं!

विहिरीपाशी होता धुण्याचा दगड. दगडाशेजारी राहायची सुळकी. सुळकी म्हणजे सापसुरळी. बोटाएवढी, चकचकीत, तेल चोपडल्यासारखी. रोज सकाळी दगडावर ऊन यायचं. सुळकी उन्हात पोट शेकायची, पाठ शेकायची. मग शेपटी हलवायची आणि सुळुक सुळुक पळायची.

एके दिवशी पाहते तर काय? दगडावर ऊनच नाही!

सुळकी थांबली. अजून थांबली. शेपटी गारठली, काठीसारखी ताठ झाली. आज शेपटी गारठली, उद्या पाय गारठतील. मग सुळकी पळेल कशी? खाईल काय? तिला रडूच आलं. पण रडून का ऊन येतं?

सुळुक सुळुक, शेपटी फरफट. सुळकी गेली सूर्याकडे.

सूर्य दक्षिणेला लांब लांब गेला होता. डोंगराला टेकून, धुक्याची दुलई पांघरून पेंगत होता.

"सूर्यदादा, सूर्यदादा, मागे फिर ना!
ऊन दगडावर येईना,
शेपटी माझी हलेना!"

सूर्यानं मोठ्ठी जांभई दिली. म्हणाला, "चालून चालून दमलो गं. तिळाचा लाडू मिळाल्याशिवाय मी नाही फिरत!"

सुळुक सुळुक, शेपटी फरफट. सुळकी गेली तानीकाकूकडे. काकू चुलीपाशी बसून गूळ किसत होती.

"तानीकाकू, तानीकाकू, लाडू वळ ना!
सूर्य मागे फिरेना,
ऊन दगडावर येईना,
शेपटी माझी हलेना!"

काकू म्हणाली, "अगं बाई! गूळ आहे, कढई आहे. तिळाचा डबा बघ, ठणठण गोपाळ! तीळ आल्याशिवाय मी नाही लाडू वळत!"

सुळुक सुळुक, शेपटी फरफट. सुळकी गेली तिळाकडे. कुंपणाला टेकून तिळाची एक पेंढी उभी होती. वाळक्या बोंडांत तीळ दाटीवाटीनं झोपले होते.

"तिळा, तिळा, खाली ये ना!
काकू लाडू वळेना,
सूर्य मागे फिरेना,
ऊन दगडावर येईना,
शेपटी माझी हलेना!"

तीळ आतूनच म्हणाला, "मी आपला बोंडात बरा. वाऱ्यानं हलवल्याशिवाय मी नाही येत!"

सुळुक... सुळुक... शेपटी फरफट. सुळकी गेली वाऱ्याकडे. वारा बाभळीच्या शेंड्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"वाऱ्या, वाऱ्या, वाहा ना!
तीळ बोंड सोडीना,
काकू लाडू वळेना,
सूर्य मागे फिरेना,
ऊन दगडावर येईना,
शेपटी माझी हलेना!"

वारा म्हणाला, "एकट्यानं वाहू? छे, कंटाळा येतो! खेळायला पतंग आल्याशिवाय मी नाही वाहत!"

वारा मेला लाडावलेलाच. काय करणार?

सुळुक... सुळुक... शेपटी फरफट. सुळकी गेली मुक्ताकडे. मुक्ता काकूची लेक. तीन वर्षांची. पतंग होता उशाशी आणि मुक्ता होती गोधडीत. नाक तेवढं बाहेर!

"मुक्ताताई, मुक्ताताई, पतंग उडव ना!
वारा काही वाहेना,
तीळ बोंड सोडीना,
काकू लाडू वळेना,
सूर्य मागे फिरेना,
ऊन दगडावर येईना,
शेपटी माझी हलेना!"

गोधडी म्हणाली, "ऊंऽऽ! थंडी वाजते. आई म्हणते, काळ्या कपड्यात ऊब राहते. काळं झबलं मिळाल्याशिवाय मी नाही उठत!"

आता काळं कापड आणायचं कुठून? सुळकीनं वर पाहिलं.

रात्र येत होती. काळी चंद्रकळा नेसली होती. काळं काळं लुगडं, वर चांदण्यांचे ठिपके. पौषात रात्र सगळ्यांत मोठी. म्हणून चंद्रकळाही लांबच लांब. या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत घोळ! बिचारी रात्र पावलोपावली अडखळत होती.

सुळकीला रात्रीची भीती वाटायची. सगळ्यांनाच वाटते. पण तिचे पुढचे पायही आता गारठले होते. सुळकीनं डोळे मिटले आणि ती म्हणाली,

"रात्रीमावशी, रात्रीमावशी, काळं कापड दे ना!
मुक्ता पतंग उडवीना,
वारा काही वाहेना,
तीळ बोंड सोडीना,
काकू लाडू वळेना,
सूर्य मागे फिरेना,
ऊन दगडावर येईना,
शेपटी माझी हलेना!"

रात्र वाटेतच थांबली. खाली वाकली.

मग रात्र हळूच म्हणाली, "मला मागतेस? खरंच मला? सगळे सूर्याकडेच मागतात गं. माझ्याकडे कुणी काही मागतच नाही."

तिला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला! टर्रर्र! चंद्रकळेची एक पट्टी फाडली. चांदणीची सुई केली. टिप टिप, टिप टिप, झबलं शिवलं. चंद्रकळा झाली एवढीशी आखूड. रात्र न अडखळता भरभर चालू लागली. आणि पहाट झाली एवढीशी लवकर.

मग काय विचारता!

मुक्तानं झबलं घातलं. टुणकन उठली. पतंग उडवला, फर्रर्र! वारा धावत आला, सूंऽऽ सूंऽऽ! बोंडं हलली, खुळखुळ खुळखुळ. तीळ सांडला, सरसर सरसर. काकूनं तीळ भाजला, तडतड तडतड. गुळाच्या पाकात घातला, लाडू वळला. पहिला लाडू पतंगाला बांधला. पतंग गेला वर, वर, वर...

"सूर्यदादा, तिळगूळ घे, गोड गोड बोल!"

सूर्यानं लाडू खाल्ला, कुडुम कुडुम. धुक्याची दुलई झटकली. आणि मागे फिरला.

ऊन दगडावर आलं. केवढं आलं? तिळाएवढं! सुळकीच्या शेपटीच्या टोकावर बसलं.

"एवढंसंच?" सुळकी हिरमुसली.

"आज एवढंच गं राणी," सूर्य म्हणाला. किती गोड म्हणाला! "रात्रीनं दिली तेवढीच जागा मला. उद्या अजून एक तीळ. परवा अजून एक. तीळ तीळ करत दगडभर होईन."

शेपटीचं टोक ऊबऊब झालं. आणि हललं. टुक! पुन्हा हललं. टुक टुक! सुळकी खुदकन हसली.

त्या दिवशी सगळ्यांनी सगळ्यांना तिळगूळ दिला. काकूनं वाऱ्याला दिला. मुक्तानं बेडकाला दिला. सुळकीलाही एक तुकडा मिळाला. रात्रीला मात्र कुणीच दिला नाही. रात्रीला कोण देतं तिळगूळ?

संध्याकाळी रात्र आली. दूरच उभी राहिली. सुळकीनं आपला तुकडा पुढे केला.

"रात्रीमावशी, तिळगूळ घे, गोड गोड बोल."

रात्रीनं तुकडा तोंडात टाकला. मग ती बोलू लागली. अगदी हळू, अगदी कानात. इतकं गोड बोलली, इतकं गोड बोलली, की ऐकता ऐकता काकू झोपली. मुक्ता झोपली. वारा झोपला. सुळकी झोपली, शेपटीसकट झोपली.

रात्र अजून बोलतेच आहे. कान दे बरं.

गोष्ट आमची तिळाएवढी, झोप तुमची रात्रीएवढी.