गावात ठेवलेलं विरजण

ऐक दहीमाये, तुझी कहाणी. आटपाट नगर, नगराला नदी, नदीकाठी गवळ्याचं घर. घरात म्हाळसाक्का, तिचा लेक आणि सून येसू. म्हाळसाक्काच्या दह्याचा नगरभर लौकिक.

एके दिवशी काय झालं? रोजच्यासारखा सडा पडला, म्हशी पाण्यावर गेल्या, येसूनं दूध तापत ठेवलं. इतक्यात परगावचा गडी दारात आला. म्हणाला, "म्हाळसाक्का माहेरी आल्या होत्या, त्या पहाटे झोपेतच निवर्तल्या." येसूनं आधी दूध उतरवलं, मग रडली.

मग दिवसकार्य झालं. कारभार येसूच्या हाती आला.

म्हाळसाक्काचा एक वसा होता. दिवेलागणीच्या आत जो येईल त्याला वाटीभर विरजण द्यावं, मोल घेऊ नये, त्याच्या घरची खुशाली विचारावी. येसूनं मनात म्हटलं, "विरजण आपलं नेतात, दही घरी लावतात. मग आपलं विकत कोण घेणार?" तिनं मडक्यावर झाकण घातलं. मग कुंभारीण आली, तिला नाही म्हटलं. परटीण आली, तिला नाही म्हटलं. बुरडीण आली, म्हणाली, "अगं, मांजरानं वाटी लवंडली. सासू तुझी बसवून गूळपाणी देई, तू विरजणालाही महाग?" येसू म्हणाली, "सासूबाई गेल्या, त्यांच्याबरोबर लाडही गेले." बुरडीण हसली. रिकामी वाटी पदराखाली घेऊन निघून गेली.

चार महिने दही फार खपलं. मग वैशाख आला. एके दिवशी दही पातळ झालं, दुसऱ्या दिवशी तार सुटली, तिसऱ्या दिवशी वास आला. मडकी बदलली, परगावचं विरजण आणलं, नवस बोलली. दही काही लागेना. गिऱ्हाईक तुटलं. नवरा म्हणाला, "येसू, आता म्हशी विकाव्या लागतील."

दुपारी खांबाला टेकून तिचा डोळा लागला. बघते तर नदी दुधाची झालेली, वर सायीसारखं धुकं, आणि काठाशी सासू रवी धूत बसलेली. येसू म्हणाली, "सासूबाई, आपलं दही कुठं गेलं?" सासू म्हणाली, "वेडे, ते एका घरात कधी राहतं का? मी ते गावात ठेवलं होतं. जा, माग." रवीवरचं दूध थेंब थेंब गळत राहिलं. सासू दिसेनाशी झाली.

येसू उठली, वाटी घेतली, वाट चालू लागली. कुंभारीण म्हणाली, "आमचं केव्हाच सरलं बाई. ताकाशिवाय जेवायची सवय झाली." परटीण म्हणाली, "गवळीण विरजणाला हिंडते? नदी उलटी वाहिली का गं?" मग येसू बुरडिणीच्या दारी आली. लेक कामट्या सोलत होती.

"आई कुठंय?"

"आई गेली. महिना होऊन गेला."

"अगं, मला कोणी सांगितलं नाही!"

"तुझ्या दारी आता कोण येतंय, वहिनी?"

लेक आत गेली, वाटी भरून आणली. म्हणाली, "तू नाही म्हटलंस, तेव्हा आई मावशीच्या गावी चालत गेली. मावशीनं तुझ्या सासूकडनंच नेलं होतं. घे, तुमच्याच घरचं आहे. मोल नको, आईला आवडलं नसतं."

मग येसूनं दूध विरजलं. सकाळी दही लागलं, सुरीनं कापावं असं. येसूनं वसा घेतला, उतणार नाही, मातणार नाही. झाकण काढलं. कुंभारीण आली, परटीण आली, पाटावर बसली, सुखदुःख बोलली. गिऱ्हाईक परतलं, म्हशी दावणीला राहिल्या.

दहीमाये, येसूच्या घरी आलीस तशी ऐकणाऱ्यांच्या घरी ये, सांगणारीच्या घरी ये. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगून पुरी झाली. बुरडिणीची क्षमा मागायची तेवढी राहून गेली.