कागदाचा बांध

तळ्यावर धुकं तरंगत होतं आणि धुक्यात इंद्राबाईचा डोंगा. तिने लावलेल्या शिंगाड्याची पानं मात्र पिवळ्या गाळाखाली गुदमरली होती. वर टेकडीवर बंगल्यांसाठी खोदलेली माती दर सरीसोबत ओहोळातून खाली येत होती.

ती तडक टेकडीवर गेली. तिथे बिल्डर जामकर सरकारी तपासनिसाला परवानगीचा कागद दाखवत होते. "माती अडवायला बांध, गाळाला खड्डा. सगळं यात आहे!"

इंद्राबाई झोपेत बोलल्यासारखी हळूच म्हणाली, "मग साहेब, हा कागदच ओहोळात आडवा धरा. माती अडली, की मी निघाले."

"वेडी का काय? वाहून जाईल तो!" जामकर खेकसले.

"तेच सांगायला आले होते."

तपासनिसाने बांध नसलेल्या ओहोळाकडे पाहिलं आणि त्याच क्षणी काम थांबवलं. आठवड्यात खराखुरा बांध उभा राहिला, आणि निवळलेल्या तळ्यात पुन्हा आभाळ उतरलं.